आतड्याला रक्त कमी पडलं तर साखर अडते का?

वाचकांचे प्रश्न

लहान आतडं ग्लुकोज कसं शोषतं यावरच्या आमच्या लेखात आतड्याच्या पेशींवर भर होता. शोषलेली साखर पुढे रक्तात जाते, हे फक्त एका ओळीत आलं होतं. सगळ्यात जास्त पत्रं त्या ओळीवरच आली, म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे.

पाठ्यपुस्तकात ग्लुकोजचं शोषण म्हणजे पेशीच्या पडद्यावरचे वाहक आणि सोडियमचा पंप, एवढंच असतं. पंप चालू असेल तर साखर आत येणारच. मग रक्तप्रवाहाचा संबंध येतो कुठे? (जीवशास्त्राच्या शिक्षिका)

संबंध पेशीच्या मागच्या बाजूला येतो, आणि पुस्तकातली आकृती नेमकी तिथेच संपते.

आधी पुढची बाजू बघू. आतड्याच्या पोकळीकडे तोंड असलेल्या पडद्यावर एसजीएलटी १ हा वाहक असतो. तो ग्लुकोजचा एक रेणू आत घेतो तेव्हा सोबत सोडियमचे दोन आयन घेतो. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० साली प्रागमधल्या एका परिषदेत मांडली. पेशीच्या आत सोडियम कमी असतो म्हणून तो आत धावतो आणि ग्लुकोजला ओढून आणतो. तो कमी ठेवायचं काम पेशीच्या मागच्या आणि बाजूच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप करतो. दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा, एक रेणू खर्च. आत आलेलं ग्लुकोज मागच्या पडद्यावरच्या ग्लुट २ या दुसऱ्या वाहकातून बाहेर पडतं. ग्लुट २ ला ऊर्जा लागत नाही. पेशीत साखर जास्त आणि पेशीबाहेर कमी, एवढा उतार असला की त्याचं काम चालतं.

रक्त इथे दोन कामं करतं. बाहेर पडलेली साखर ते वाहून नेतं, त्यामुळे ग्लुट २ चा उतार टिकतो. आणि ते ऑक्सिजन आणतं, त्यावर पंपाचं एटीपी तयार होतं. प्रवाह अगदी मंदावला तर साखर पेशीच्या मागे साचते, मग पेशीतही साचते. त्याच वेळी पंप दमतो, पेशीत सोडियम वाढतो आणि एसजीएलटी १ ची ओढ कमी होते.

यातलं कोणतं कारण मोठं? आमच्या मते ऑक्सिजनचं. दोन सोडियमच्या बळावर एसजीएलटी १ ग्लुकोजला शेकडो पट चढावर ओढू शकतो, त्यामुळे पेशीत थोडी साखर साचली म्हणून तो थांबत नाही. पण पंपच बसला तर ओढायला काही उरत नाही.

यात व्हिलसच्या रचनेमुळे आणखी एक अडचण येते. आतड्याच्या आतल्या अस्तरावर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे बोटांसारखे उंचवटे असतात, ते व्हिलाय (एक असेल तर व्हिलस). प्रत्येकाच्या मधून एक बारीक धमनी टोकापर्यंत चढते, तिथे केशवाहिन्यांची जाळी होते आणि रक्त शिरेतून खाली उतरतं. चढणारी आणि उतरणारी वाहिनी इतक्या जवळ असतात की पायथ्याशीच काही ऑक्सिजन धमनीतून थेट शिरेकडे निसटतो. प्रवाह जोरात असेल तर याने फरक पडत नाही. प्रवाह मंद झाला की निसटायला वेळ मिळतो आणि टोकाला ऑक्सिजनची चणचण भासते. ग्लुकोज उचलणाऱ्या पक्व पेशी तर वरच्या भागातच असतात. म्हणून रक्ताचा तुटवडा झाला की आधी टोकं खराब होतात. पायथ्याच्या खड्ड्यांतल्या नव्या पेशी वर चढून त्यांची जागा भरायला तीन ते पाच दिवस घेतात. रक्तदाब पूर्ववत झाल्यावरही शोषण काही दिवस मागे राहतं, ते यामुळे.

जेवल्यावर आतड्याचा रक्तप्रवाह दुप्पट होतो असं वाचलं. म्हणजे साखर दुप्पट वेगाने शोषली जाते का? प्रवाह वाढल्यामुळे शोषण वाढतं, की शोषणामुळे प्रवाह? (वैद्यकीय अभ्यासक्रमाचा विद्यार्थी)

दुसरं जास्त खरं. पण आधी आकडे मांडू, कारण आकड्यांशिवाय हा वाद संपत नाही.

विश्रांतीत हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण २० ते २५ टक्के पोटातल्या अवयवांकडे जातं. लहान आतड्याच्या बहुतेक भागाला रक्त देणाऱ्या सुपीरिअर मेसेंटेरिक धमनीतून उपाशीपोटी मिनिटाला ढोबळमानाने अर्धा लिटर रक्त वाहतं. जेवणानंतर ते दुप्पट किंवा त्याहून थोडं जास्त होतं, अर्ध्या ते एका तासात शिखर गाठतं आणि पुढचे दोन-तीन तास हळूहळू उतरतं.

आता ७५ ग्रॅम ग्लुकोज तीन तासांत शोषलं गेलं असं धरा. मिनिटाला ०.४२ ग्रॅम, म्हणजे ४१७ मिलिग्रॅम होतात. ते सगळं पोर्टल व्हेनमधून यकृताकडे जायचं आहे. लसिकेतून फारसं जात नाही, कारण तिचा प्रवाह रक्ताच्या मानाने नगण्य आहे. हिशेब सोपा आहे: वाहून नेलेलं ग्लुकोज म्हणजे रक्तप्रवाह गुणिले पोर्टल आणि धमनीतल्या ग्लुकोजमधला फरक. प्रवाह मिनिटाला १.२ लिटर असेल तर हा फरक डेसिलिटरला ३५ मिलिग्रॅम निघतो. ०.८ लिटर असेल तर ५२. प्रवाह ०.४ लिटरवर आला तर १०४.

म्हणजे प्रवाह एक तृतीयांशावर आला तरी तेवढीच साखर जाऊ शकते, फक्त प्रत्येक डेसिलिटर रक्तात ती तिप्पट भरून जाते. बसच्या फेऱ्या कमी झाल्या की प्रत्येक बसमधली गर्दी वाढते आणि प्रवासी मात्र तेवढेच पोचतात, तसं. प्रवाह नेहमीच्या आसपास असताना तो थोडा वर-खाली झाल्याने ग्लुकोजच्या शोषणात फारसा फरक पडत नाही, याचं कारण हेच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत प्रवाह साधारण निम्म्यापर्यंत कमी करेपर्यंत शोषण टिकलं आणि त्याखाली घसरत गेलं. त्या टप्प्यापर्यंत आतडं मिळणाऱ्या रक्तातूनच जास्त ऑक्सिजन काढून घेतं आणि वेळ निभावतं. पुढे काढायला काही शिल्लक राहत नाही.

हा नियम प्रत्येक पदार्थाला लागू नाही. पाण्यासारखे अस्तरातून सहज आरपार जाणारे रेणू पूर्णपणे प्रवाहाच्या भरवशावर असतात: जितकं रक्त, तितकं शोषण. अस्तरातून मुश्किलीने जाणाऱ्या पदार्थांना रक्त किती आहे याचा फरकच पडत नाही, त्यांचा अडथळा अस्तर हाच असतो. ग्लुकोज या दोन टोकांच्या मध्ये येतं.

मग साखरेचा वेग ठरवतं कोण? मुख्यतः जठर. ते लहान आतड्यात मिनिटाला साधारण एक ते चार किलोकॅलरी सोडतं. ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या ३०० किलोकॅलरी होतात. दोनच्या वेगाने ते रिकामं व्हायला अडीच तास लागतात. आतड्याची क्षमता त्याहून बरीच मोठी असते.

कारण कोण आणि परिणाम कोण, याचंही उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ग्लुकोज आणि सोडियम आत घेताना पेशी जास्त ऑक्सिजन वापरतात, अस्तराखालच्या द्रवात सोडियम वाढतो, अॅडेनोसिन आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, जवळच्या बारीक धमन्या सैल होतात. ही वाढ जिथे अन्न पोचलं आहे त्याच भागात होते. पुढचा रिकामा भाग पूर्वीइतक्याच रक्तावर असतो. एसजीएलटी १ ला फ्लोरिझिनने अडवलं तर ग्लुकोजमुळे होणारी ही वाढही मंदावते. आतड्यातली हार्मोनं आणि भिंतीतल्या मज्जातंतूंचा त्यात वाटा आहे, आणि पित्तात मिसळलेल्या अन्नातल्या स्निग्धाम्लांनी प्रवाह आणखी वाढतो. पण सुरुवात शोषणाने होते.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत वीस-बावीस किलोमीटरनंतर ग्लुकोजचं पेय पोटात डचमळत राहतं, मळमळतं, कधी जुलाब होतात. सरावात तेच पेय चालतं. (धावपटू)

शर्यतीत तुमचा वेग सरावापेक्षा जास्त असतो, आणि फरक तिथेच पडतो. व्यायामाची तीव्रता वाढत गेली की शरीर रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळवतं. अगदी जोराच्या व्यायामात पोटातल्या अवयवांचा प्रवाह ७० ते ८० टक्क्यांनी घटू शकतो. वर सांगितलेली निम्म्याची सीमा ओलांडायला एवढं पुरे. कमाल क्षमतेच्या साधारण ७० टक्क्यांपुढे जठरही हळू रिकामं होतं. म्हणजे एकीकडे पेय पुढे सरकत नाही, आणि जे सरकतं ते आतड्यात नीट शोषलं जात नाही. न शोषलेली साखर पाणी आत ओढते, आणि मग जुलाब. ऊन आणि शरीरातलं पाणी कमी होणं या दोन्हींनी हे लवकर सुरू होतं.

आता करायचं काय. ग्लुकोज एकटं असेल तर तासाला ६० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. त्याहून जास्त घेतलं तरी एसजीएलटी १ च्या वाटेने मिनिटाला सुमारे एक ग्रॅमच स्नायूंच्या कामी येतं, बाकीचं आतड्यात पडून राहतं. तासाला ९० ग्रॅम हवे असतील तर ६० ग्रॅम ग्लुकोज आणि ३० ग्रॅम फ्रुक्टोज असं मिश्रण घ्या. फ्रुक्टोज ग्लुट ५ या वेगळ्या वाटेने जातं आणि त्या वाटेला सोडियमची ओढ लागत नाही. पेय ६ ते ८ टक्क्यांचं ठेवा, म्हणजे लिटरला ६० ते ८० ग्रॅम साखर. दहा-बारा टक्क्यांचं पेय जास्त ताकदीचं वाटतं, पण ते जठरातच रेंगाळतं. पहिला घोट सुरुवातीच्या वीस-तीस मिनिटांत घ्या, पोट बिघडायच्या आधी. डचमळायला लागलं तर साखरेचं पेय आणि जेल (साखरेचा घट्ट पाक) पूर्ण बंद करा, पाच-दहा मिनिटं वेग उतरवा, साध्या पाण्याचे छोटे घोट घ्या आणि पोट हलकं झालं की निम्म्या मात्रेने पुन्हा सुरू करा. बहुतेक जण उलट करतात: थकवा जाणवला म्हणून आणखी एक जेल पोटात ढकलतात.

सराव शर्यतीच्या वेगाने आणि शर्यतीच्याच मात्रेने करा, आठवड्यातून एक-दोनदा, किमान दोन आठवडे. आतडं त्याला सरावतं.

आणि धावण्याआधी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. रक्त कमी पडलेलं असताना अस्तराला सावरणारी प्रोस्टाग्लँडिनं ती गोळी कमी करते आणि आतड्याच्या पेशींची हानी वाढते.

जेवणानंतर चाललं की साखर कमी दिसते. आतड्याचं रक्त पायांकडे गेल्यामुळे शोषण कमी होतं का?

नाही. साध्या चालण्याने आतड्याचं रक्त इतकं घटत नाही. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता ग्लुट ४ हा ग्लुकोजचा वाहक पृष्ठभागावर आणतो आणि रक्तातली साखर उचलतो. शोषण चालूच असतं, साखर फक्त रक्तात कमी वेळ थांबते.

वडील ७८ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासात त्यांना गरगरतं, दोनदा पडले. सकाळी तपासला तर रक्तदाब ठीक असतो. (वाचक)

सकाळी उपाशीपोटी तपासल्यावर तो ठीकच दिसणार. जेवणानंतर दोन तासांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून जास्त मिलिमीटरने उतरत असेल तर त्याला जेवणोत्तर रक्तदाब-घट म्हणतात. जेवल्यावर आतड्याकडे जादा रक्त जातं तेव्हा निरोगी माणसाचं हृदय वेग वाढवतं आणि हातापायांतल्या वाहिन्या आवळल्या जातात, त्यामुळे दाब टिकतो. वय, मधुमेहाने बाधित झालेले मज्जातंतू किंवा पार्किन्सनचा आजार यांमुळे ही भरपाई अपुरी पडते. इथे आतड्याला रक्त भरपूर मिळतं, तुटवडा बाकीच्या शरीराला पडतो.

आधी घरी मोजणी करा. जेवायच्या आधी पाच मिनिटं बसवून दाब घ्या, मग जेवण सुरू झाल्यापासून दर १५ मिनिटांनी दोन तास. त्याच हातावर, त्याच बैठकीत. शेजारी काय खाल्लं आणि कोणती गोळी कधी घेतली तेही लिहा. दोन-तीन दिवसांचा असा तक्ता घेऊन डॉक्टरांकडे जा. दोनदा पडले आहेत, तेव्हा याला उशीर नको. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी जेवणाच्या तोंडावर घेतली जात असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. स्वतःहून गोळी बंद करू नका.

साखरेचा वेग इथे थेट कामाचा आहे. ग्लुकोज थेट लहान आतड्यात नळीने सोडून केलेल्या अभ्यासांत ज्येष्ठांना मिनिटाला एक किलोकॅलरीने सोडलं तेव्हा दाब टिकला, तीनच्या वेगाने सोडलं तेव्हा उतरला. म्हणून एकदम मोठं जेवण नको, तेवढंच अन्न चार-पाच वेळांत विभागून द्या. साखरेची पेयं जेवणासोबत नकोत. जेवणाआधी ३५० ते ५०० मिलिलिटर पाणी पिण्यानेही घट कमी होते, मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर ते टाळा. अॅकार्बोज हे औषध स्टार्च आणि नेहमीच्या साखरेचं तुकड्यांत रूपांतर मंदावतं, त्यामुळे दाबाची घट काही जणांत कमी होते. शुद्ध ग्लुकोजवर त्याचा उपयोग नाही, कारण तिथे तोडायला काही शिल्लकच नसतं. अॅकार्बोज सुरू असताना साखर खाली गेली तर नेहमीची साखर देऊ नका, ग्लुकोजच द्या. पोट फुगणं आणि वायू हा या औषधाचा ठरलेला त्रास आहे.

उंदराच्या आतड्याची उलटी पिशवी (अस्तर बाहेर येईल असा उलटवलेला तुकडा) करून ग्लुकोजचं शोषण मोजतो. जिवंत उंदरात लूपमधून, म्हणजे जागेवरच दोन्ही टोकांना नळ्या बसवलेल्या आतड्याच्या भागातून, द्रव फिरवून मोजलं की आकडे जुळत नाहीत. कोणते खरे मानायचे? (औषधनिर्माणशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी)

दोन्ही खरे, पण दोन वेगळ्या प्रश्नांचे. उलटी पिशवी ही विल्सन आणि वाइझमन यांची १९५४ ची पद्धत. तिच्यात रक्तप्रवाह मुळी नसतो. ग्लुकोज केशवाहिन्यांत शिरत नाही, त्याला अस्तराखालचा थर आणि स्नायूचा थर ओलांडून पिशवीतल्या द्रवात जावं लागतं. त्यामुळे ते ऊतीत साचतं आणि पिशवीतल्या द्रवातला आकडा कमी येतो. द्रवासोबत ऊतीतलंही ग्लुकोज मोजाल तर दोन पद्धतींमधलं अंतर बरंच कमी होईल.

ऑक्सिजन द्रवातून मिळतो, म्हणून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत हवेत, तापमान ३७ अंश. आतडं काढल्यापासून बुडबुड्यांत जाईपर्यंत ते बर्फात गार केलेल्या द्रवात ठेवा. एवढं करूनही व्हिलायच्या टोकांवरच्या पेशी प्रयोगाच्या दरम्यान सुटायला लागतात. तासभराच्या वाचनांवर विसंबू नका, सुरुवातीच्या अर्ध्या तासातली घ्या, आणि शेवटी एका पिशवीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. सोबत एल-ग्लुकोज घाला. वाहक त्याला ओळखत नाहीत, म्हणून ते वाढताना दिसलं की अस्तर गळायला लागलं असं समजा.

जिवंत लूपमध्ये चुका वेगळ्या होतात. भुलीने रक्तदाब उतरतो आणि आतड्याचा प्रवाह घटतो, त्यामुळे धमनीतला दाब सतत नोंदवा आणि ज्या उंदराचा दाब कोसळला त्याची वाचनं वेगळी काढा. द्रव मिनिटाला ०.२ मिलिलिटरच्या आसपास सोडा. बाहेर जाणारी नळी चेमटली किंवा वर राहिली की लूप फुगतो, आतला दाब भिंतीतल्या वाहिन्या चेपतो आणि तुमच्या नकळत प्रयोग रक्तटंचाईचा होऊन बसतो. लूप फिकट पडला तर आधी ही नळी बघा. पहिली ३० मिनिटं स्थिरावण्यासाठी सोडून द्या. पाण्याची देवाणघेवाण लक्षात घेण्यासाठी फिनॉल रेडसारखा न शोषला जाणारा खुणेचा पदार्थ घाला, नाहीतर पाणी शोषलं गेल्यामुळे झालेला संहतीतला बदल ग्लुकोजच्या खात्यात जाईल.

लूपमधून नाहीसं झालेलं ग्लुकोज आणि रक्तात पोचलेलं ग्लुकोज सारखं नसतं, हेही ध्यानात ठेवा. आतड्याच्या पेशी त्यातलं काही स्वतः वापरतात, काहीचं लॅक्टेट करतात, आणि ऑक्सिजन कमी पडला की लॅक्टेटचा वाटा वाढतो. म्हणून प्रवाह कमी करून प्रयोग करणार असाल तर मेसेंटेरिक शिरेतलं रक्त घेऊन ग्लुकोज आणि लॅक्टेट दोन्ही मोजा. शिरेतून रक्त काढत राहायचं तर तेवढंच दात्या उंदराचं हेपरिन घातलेलं रक्त गळ्यातल्या शिरेतून परत द्यावं लागतं, नाहीतर दाब कोसळतोच.

गणितात दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. ग्लुकोज प्लाझ्मात (रक्तपेशी वगळून उरलेल्या द्रवात) मोजायचं आणि गुणायचं मात्र पूर्ण रक्ताच्या प्रवाहाने, ही पहिली चूक. प्लाझ्माचा आकडा असेल तर प्रवाहही प्लाझ्माचा घ्या. दुसरी चूक नमुन्याची. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या रक्तातलं ग्लुकोज तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटतं. फ्लोराइडची नळी वापरली तरी फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात. पोर्टल आणि धमनीतला फरकच मुळात ३०-४० मिलिग्रॅम असताना एवढी घट परवडत नाही. नळ्या बर्फात ठेवा आणि प्लाझ्मा लगेच वेगळा करा.

वाहकाचा वाटा किती हे बघायचं असेल तर पोकळीतल्या द्रवात ०.५ ते १ मिलिमोलर फ्लोरिझिन घाला. चयापचयाचा गोंधळ टाळायचा असेल तर ग्लुकोजऐवजी ३-ओ-मिथिलग्लुकोज वापरा. त्याला वाहक उचलतात, पण पेशी जाळत नाहीत.

अतिदक्षता विभागात नॉरअॅड्रेनालिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधावर असलेल्या रुग्णाला नळीने अन्न सुरू करताना इतकी सावधगिरी का? साखर तर वाढलेलीच असते. (परिचारिका)

रक्तातली साखर वाढलेली असली तरी ती आतड्यातूनच आली असं नाही. गंभीर आजारात यकृत साखर सोडत राहतं आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. ३-ओ-मिथिलग्लुकोज देऊन केलेल्या मोजणीत अशा रुग्णांचं प्रत्यक्ष शोषण कमीच आढळलं आहे. जठर मंदावलेलं असतं, आतड्याचा प्रवाह घटलेला असतो.

शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं) आटोक्यात नसताना अन्न दिलं तर आतड्याला जास्त ऑक्सिजन लागतो आणि तो द्यायला रक्त नसतं. क्वचित यातून आतड्याचा भाग मरू शकतो. म्हणून औषधाची मात्रा स्थिर झाल्यावर किंवा उतरायला लागल्यावर कमी वेगाने सुरुवात करतात. पोट फुगणं, जठरातला उरलेला द्रव अचानक वाढणं, नवीन पोटदुखी, लॅक्टेट चढणं, यातलं काहीही दिसलं तर अन्न थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. वाढतं लॅक्टेट पुढच्या तपासणीपर्यंत बघू म्हणून सोडू नका.

जुलाबात ओआरएस इतकं चांगलं काम करतं, मग शॉकमध्ये गेलेल्या मुलाला आधी सलाईन का?

जुलाबात एसजीएलटी १ शाबूत राहतो, म्हणून ग्लुकोजसोबत सोडियम आणि त्यामागे पाणी शोषलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला ७५ मिलिमोल ग्लुकोज आणि ७५ मिलिमोल सोडियम आहे, एकूण ऑस्मोलॅरिटी २४५. पाकीट सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा. वरून साखर घातली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं.

शॉकमध्ये मूल गुंगीत असतं, गिळू शकत नाही, आणि शरीराने आतड्याचा प्रवाह आवळून मेंदू-हृदयाकडे रक्त वळवलेलं असतं. वाहक असला तरी वाहून न्यायला रक्त नाही, आणि थांबायला वेळ तर अजिबात नाही. म्हणून शिरेतून रिंगर लॅक्टेट हे सलाईन, वजनाच्या दर किलोला १०० मिलिलिटर: एक वर्षावरच्या मुलाला पहिले ३० मिलिलिटर अर्ध्या तासात आणि उरलेले ७० अडीच तासांत. वर्षाखालच्या बाळाला हेच अनुक्रमे एक तास आणि पाच तासांत. मूल पिऊ लागलं की सलाईन चालू असतानाच किलोला तासाला ५ मिलिलिटर ओआरएस सुरू करतात.

दर जेवणानंतर पोटात कळ येते म्हणून आईने खाणंच कमी केलं, वजन दहा किलोंनी उतरलं. डॉक्टरांनी पोटाच्या धमन्यांचा डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी तपासणी) सांगितला आहे. त्यात काय बघतात, आणि तपासणी चुकू नये म्हणून काय करावं?

जेवणानंतर १५ मिनिटं ते तासाभरात येणारी, तास-दोन तास टिकणारी कळ आणि खाण्याची भीती हे आतड्याच्या धमन्या अरुंद झाल्याचं ओळखीचं चित्र आहे. तीन मुख्य धमन्यांपैकी बहुधा दोन तरी अरुंद झाल्यावर त्रास सुरू होतो, कारण त्या एकमेकींना सांभाळून घेतात. जेवल्यावर वाढायला हवा तो प्रवाह वाढत नाही, आणि कामाला लागलेलं आतडं ऑक्सिजनसाठी कळवळतं. वजन मुख्यतः कमी खाल्ल्याने उतरतं, साखर शोषली न गेल्याने तितकं नाही. दुखणं अचानक तीव्र आणि सतत झालं तर डॉप्लरच्या तारखेची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

तपासणीला रात्रभर उपाशी जायचं. पाणी आणि नेहमीच्या गोळ्यांबद्दल केंद्राला विचारा, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना. च्युइंगगम आणि धूम्रपान टाळा, गिळलेली हवा धमनी झाकते. उपाशीपोटी सुपीरिअर मेसेंटेरिक धमनीत वेगाचं शिखर सेकंदाला २७५ सेंटिमीटरच्या वर असेल तर ७० टक्के किंवा जास्त अरुंदपणाची शंका येते. जेवण होऊन गेलेलं असेल तर निरोगी धमनीतही वेग चढलेला असतो, म्हणून उपाशी राहणं महत्त्वाचं. संशय पक्का वाटला तर पुढे सीटी अँजिओग्राफी करतात.

प्रवाह मिलिलिटरमध्ये दिला असेल तर तो जरा सावधपणे वाचा. व्यास ६ मिलिमीटर आणि सरासरी वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर असेल तर प्रवाह मिनिटाला ४२४ मिलिलिटर निघतो. तोच व्यास ६.५ मोजला गेला तर ४९८. अर्ध्या मिलिमीटरने सतरा टक्के फरक पडतो. यंत्राच्या लहरी आणि रक्ताचा प्रवाह यांमधला कोन ६० अंशांच्या वर गेला तर चूक आणखी वाढते: खरा कोन ६५ असताना ६० धरला तर वेग खऱ्यापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी दिसतो. म्हणून दोन वेगवेगळ्या दिवसांचे अहवाल ताडून बघताना मिलिलिटरपेक्षा शिखर-वेग बघा, आणि दोन्ही वेळा कोन किती होता ते अहवालात लिहून मागा.